एकदाच मोजलेला शाफ्ट

"शिम घातली का, आप्पा?"

"घातली की."

आप्पांनी मान वर केली नाही. गिअरबॉक्सच्या तोंडावर बसणाऱ्या पंपाचा शेवटचा बोल्ट ते आवळत होते आणि प्रत्येक आट्याबरोबर त्यांच्या मनगटावरची शीर टरारून वर येत होती. मी दूध तापवायला घरात गेले होते, तेव्हा हा गिअरबॉक्स उघडा होता. दहा मिनिटांत परत येते, तोवर सातही बोल्ट बसलेले. टेबलावर माझं जर्मनचं ताट होतं. त्यात शिम नव्हती.

"मी येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं ना?"

"तुजं दूध वर येईस्तोवर काय हात जोडून बसू? उद्या वकीलसाहेब गाडी न्यायला येनार."

माझे सासरे, कल्लाप्पा. गडहिंग्लजच्या बाहेर संकेश्वर रोडला आमचं गॅरेज, आणि मागच्या बाजूला घर. नेसरीपासून हुक्केरीपर्यंत गिअरबॉक्स म्हटला की लोक आप्पांचं नाव घ्यायचे. चाळीस वर्षांत त्यांनी जीप, ट्रक, ट्रॅक्टर यांचे किती गिअरबॉक्स उघडले-मिटले याची मोजदाद नव्हती. पण ऑटोमॅटिक पहिलाच. बेळगावच्या एका वकिलांची परदेशी बनावटीची जुनी गाडी. काम घ्यायचं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी महांतेश, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "उज्ज्वला मापं घेईल. तिला येतं." मी इंजिनिअरिंग केलं होतं आणि लग्नाआधी दोन वर्षं इचलकरंजीच्या एका कारखान्यात माप-तपासणीच्या खोलीत बसले होते. आप्पा बाहेर जाऊन पान थुंकून आले.

त्या दिवशी महांतेश ऑइल आणायला कोल्हापूरला गेला होता, सासूबाई नूलला बहिणीकडे. गॅरेजात आप्पा, मी आणि माझा वीरू.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला शाफ्ट घट्ट बसून चालत नाही आणि सैल असूनही चालत नाही. गिअरबॉक्स उभा करायचा, शाफ्टच्या टोकावर डायल गेजची सुई टेकवायची आणि शाफ्ट वर उचलायचा. काटा किती सरकतो ते बघायचं. आमच्या पुस्तकाप्रमाणे तो तीस ते पन्नास शतांशांपर्यंत हलायला हवा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आमचा हलत होता एकशे बासष्ट. जी जास्तीची मोकळीक असेल ती शिम घालून भरायची. शिम म्हणजे रुपयाएवढी पोलादी चकती, मधे भोक. मी एकशेवीसची शोधून काढली, मायक्रोमीटरने तपासली, गिअरबॉक्स उलटसुलट करताना घसरू नये म्हणून तिला व्हॅसलिन लावलं आणि ताटात ठेवली. तेवढ्यात दुधाची आठवण झाली.

आप्पांची रीत वेगळी होती. दोन बोटांत शाफ्ट धरायचा, डोळे मिटायचे, हलवायचा आणि म्हणायचं, "चालतंय." आदल्या दिवशी यावरूनच आमची जुंपली होती. त्यांच्याकडे तंबाखूच्या डबीत जुन्या गिअरबॉक्सांतल्या शिमा होत्या.

"ह्या साठ-साठच्या दोन घाल. एकशेवीसची एक झाली. गनित तूच शिकलीयास न्हवं?"

"एकावर एक घालायच्या नाहीत, आप्पा. मधे तेल अडकतं, माप हलतं. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिवनाऱ्यानं हितं गडहिंग्लजात येऊन गॅरेज चालवून दावावं."

मी हसले होते. तेही हसले होते, पण डबी खिशात टाकताना जरा जोरात मिटली होती.

वीरू टायरमध्ये बसला होता. ट्रकचा जुना टायर आडवा टाकून, आत गोधडी अंथरून आप्पांनीच त्याला ती जागा करून दिली होती. "आमच्या नातवाचं सिंहासन," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे. तेरा महिन्यांचा होता. टायरच्या कडेला धरून उभा राहायचा, धपकन बसायचा, परत उभा. आत्ता मात्र बसून होता. मला बघून त्याने हात पसरले नाहीत.

मी जवळ गेले. त्याची हनुवटी चकाकत होती.

लाळच असणार. दात येत होते. मी बोटाने पुसलं. लाळ निसटते, हे बोटाला चिकटलं. नाकाशी नेलं. लाळेला व्हॅसलिनचा वास नसतो.

"आप्पा, याच्या तोंडात काय होतं?"

"कुटं काय? बोट चोखत बसलाय मघापासनं."

वीरू खोकला. एकदाच, कोरडं.

"आप्पा, शिम नक्की घातली?"

"घातली म्हनतो न्हवं मी?" आता त्यांनी वर पाहिलं. "कितीदा इचारशील? चाळीस वर्सं काय गवत उपटलं काय?"

सासऱ्यांना तिसऱ्यांदा तेच विचारणं म्हणजे तुम्ही खोटं बोलताय असं सांगणं, एवढं मला कळत होतं. वीरूला कडेवर घेतलं, त्याच्या तोंडात बोट फिरवलं. जीभ, हिरड्या, टाळू. काही नाही. तो चिडून रडला आणि रडण्याचा आवाज स्वच्छ आला.

माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट फिरायला लागली होती. विचारायची गरजच काय? गिअरबॉक्स समोर आहे. शिम आत असेल तर शाफ्ट चाळीसच्या आसपास हलेल. नसेल तर एकशे बासष्ट. डायल गेजचा काटा एक फेरा पूर्ण करतो तेव्हा एक मिलिमीटर होतो. काटा फेरा पूर्ण करून पुढे गेला, तर ती चकती माझ्या पोराच्या पोटात आहे.

मी वीरूला टायरमध्ये ठेवलं आणि गेज लावायला घेतलं. लोहचुंबकाचा पाया पंपाच्या कडेला खट्कन बसला. सुई शाफ्टवर टेकवली. मी दोन्ही कोपर टेबलाला टेकवले. शून्य लावलं.

मागे आप्पा गुडघ्यांवर बसून चुंबकाची काठी फरशीवर फिरवत होते.

"काय शोधताय?"

"वायसर पडलाय कुठंतरी."

मी शाफ्ट धरला. खरं सांगायचं तर डोळे मिटून घेतले, आप्पांसारखे. उचलला. वर टेकल्याचं हाताला कळलं. डोळे उघडले.

एक्केचाळीस.

काट्याने अर्धा फेरासुद्धा केला नव्हता. एकशेवीसची शिम आत घातली की हिशेबाने बेचाळीस यायला हवेत. एक्केचाळीस म्हणजे ती आतच होती. मी शाफ्ट सोडला आणि खाली, तेलकट फरशीवर तशीच बसले. हसू येत होतं की रडू, मला कळत नव्हतं.

कॉलेजात आमचे एक सर होते, ते सांगायचे की एकदा घेतलेलं माप म्हणजे अंदाज, तीनदा घ्या. इचलकरंजीत दोन वर्षं मी प्रत्येक भाग तीनदा मोजला होता, कंटाळा आला तरी. त्या दिवशी एकदाच मोजलं. दुसऱ्यांदा उचलावा असं मनात आलं होतं. पण जो आकडा हवा होता तो आला होता, आणि दुसऱ्यांदा तोच येईल का याची मला भीती वाटली. म्हणून हात लावला नाही.

"बग, झालं समाधान?" आप्पा म्हणाले. पण फरशीवरून उठले नाहीत.

पुढची वीस मिनिटं मी सुखात होते. दुधाला वीरूने तोंड फिरवलं म्हणून मी तांदळाची पेज कालवून आणली, तूप घालून. चार चमचे त्याने घेतले. मी त्याच्याशी बोलत होते, "आईला घाबरवतोस होय रे? चोरा!" पाचवा चमचा ओठांवरून परत बाहेर आला. सहाव्याला त्याने मान मागे टाकली. मग लाळ गळायला लागली, थेंब थेंब नव्हे, धार. झबलं छातीपर्यंत भिजलं.

"दात येत्यात," आप्पा दुरूनच म्हणाले.

दात चार दिवसांपासून येत होते. अशी लाळ चार दिवसांत एकदाही गळली नव्हती.

मी त्याला कडेवर घेऊनच टेबलाशी गेले. गेज तसंच लावलेलं होतं. एका हाताने शाफ्ट उचलला. सत्तेचाळीस. सोडला, परत उचलला. अडतीस. परत. चव्वेचाळीस.

एका सलग चकतीवर टेकलेला शाफ्ट कितीही वेळा उचला, एकाच ठिकाणी थांबतो. एखाद्या शतांशाने इकडेतिकडे. नऊ शतांशांनी नाही. आत काहीतरी दाबलं जात होतं आणि परत फुगत होतं. दोन पत्र्यांच्या मधे तेल अडकल्यावर होतं तसं.

"आप्पा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "आत दोन शिमा आहेत."

चुंबकाची काठी थांबली.

"साठ-साठच्या," ते म्हणाले.

"आणि माझी?"

"ताटात न्हवती."

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. "जीप काढा," एवढंच म्हणाले. दुरुस्तीला आलेल्या जीपचं बॉनेट उघडंच होतं, ते आप्पांनी दोन्ही हातांनी आदळून मिटलं. किल्ली लावताना त्यांच्या हातून ती दोनदा खाली पडली.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. वीरूच्या कोवळ्या बरगड्या धुरासारख्या दिसत होत्या आणि मानेच्या खाली, जिथे हारातलं पदक येतं तिथे, पांढरीशुभ्र गोल कडी.

"नाणं गिळलंय."

"नाणं नाही. शिम आहे. मधे भोक आहे तिला."

त्यांनी परत बघितलं. "हो, भोक आहे. बरं झालं. अन्ननलिकेत आहे, श्वासाला धोका नाही सध्या. केवढी आहे, काही अंदाज?"

"बाहेरून बावीस मिलिमीटर, आतून चौदा. जाडी एक पॉइंट दोन."

डॉक्टरांनी फिल्मवरून माझ्याकडे पाहिलं. "कडा धारदार आहेत?"

"घासलेल्या आहेत. मी हात फिरवून बघितल्या होत्या."

"बेळगावला न्या. लगेच. दुर्बिणीतून काढावी लागेल. उभाच धरा त्याला, झोपवू नका."

पन्नास किलोमीटर मी वीरूला छातीशी उभा धरून बसले. आप्पा जीप अशी चालवत होते की जणू मागे काचेची भांडी भरली आहेत. प्रत्येक खड्ड्याला ते पुटपुटायचे, "सांबाळ, बाई, सांबाळ." मला की गाडीला, कोण जाणे. संकेश्वर मागे गेलं तेव्हा वीरूला एकदा उबळ आली. माझ्या खांद्यावर पेजेची दोन शितं पडली. तोवर मला त्या पेजेचा अर्थ कळला नव्हता.

तो बेळगावात कळला. भूल देणाऱ्या बाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या.

"शेवटचं काय खाल्लंय बाळाने?"

"पेज. साडेबाराला."

"किती?"

"चार चमचे. तूप घालून."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "मग साडेसहा. पोट रिकामं झाल्याशिवाय भूल देता येणार नाही. उलटी फुप्फुसात गेली तर ते याहून वाईट."

"आत्ता तर अडीच वाजलेत!"

"श्वास बदलला तर आम्ही थांबणार नाही. तोवर नजर ठेवायची."

त्यांचा स्वर रागाचा नव्हता. मी ती पेज दिली नसती तर तासाभरात सगळं उरकलं असतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीच दोनदा विचारून घेतलं.

चार तास. वीरू माझ्या मांडीवर उभा टेकलेला, मी त्याच्या छातीकडे बघत होते आणि श्वास मोजत होते. मिनिटाला तीस. बत्तीस. तीस. एकतीस. या वेळी मात्र एकदा मोजून थांबले नाही. मोजणं थांबवलं तर श्वासही थांबेल असं काहीतरी मनात बसलं होतं. आप्पा समोरच्या बाकाच्या अगदी टोकावर बसले होते. अंगात गॅरेजचाच काळवंडलेला शर्ट. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघत जायचे.

पाचच्या सुमारास ते बोलले. माझ्याकडे न बघता.

"मी त्येच्या तोंडात बोट घालून बगितलं हुतं. तू यायच्या आदी. काय न्हवतं. मग म्हटलं पडली असंल कुठंतरी, सापडंल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हनली असतीस, आप्पा, एवढं पोर सांबाळता येईना?" ते थांबले. "आन दोन शिमा घातल्या म्हनून आनिक बोलली असतीस."

"मी शिम आत आहे की नाही तेच विचारत होते, आप्पा! दोनदा विचारलं!"

"व्हय. दोनदा." त्यांनी तळहात एकमेकांवर घासले. काळं काही निघालं नाही. "तू गेज लावलंस तवा वाटलं, आता कळंल. मशीन सांगंल. मला बोलाय नको. आन त्यो काटा बी माज्याच बाजूनं बोलला की."

चौतीस. बत्तीस. मी परत मोजायला लागले.

"ताट," ते हळूच म्हणाले.

मी मान वर केली नाही.

"ताट म्या उचलून टेबलावर ठिवलं. आदी स्टुलावर हुतं. टायरला लागून."

मला ठाऊक होतं. एक्केचाळीस आकडा आला तेव्हाही ठाऊक होतं. बेळगावच्या रस्त्यावर तर दुसरं काही डोक्यात नव्हतं. टेबल आप्पांचं. तिथे शिम ठेवली असती तर त्यांनी ती उचलून बोटांत चोळली असती, आपल्या डबीतली घातली असती. म्हणून ताट त्यांच्या हाताला लागू नये अशा जागी मी ठेवलं होतं. पाठीमागे, बुटक्या स्टुलावर. टायरच्या कडेला धरून उभा राहिला की वीरूची छाती त्या स्टुलाच्या बरोबर उंचीला यायची. व्हॅसलिन लावलेली, चकाकणारी चकती. मी सासऱ्यांच्या हातापासून ती जपली आणि पोराच्या हाताशी ठेवून दूध बघायला गेले.

"त्ये कुनाला सांगायचं कारन न्हाई," आप्पा म्हणाले. "तू आई हायस. लोक लई बोलत्यात."

साडेसहाला त्याला आत नेलं. सात वाजायला दहा मिनिटं असताना डॉक्टर बाहेर आले, शिम निघाल्याचं त्यांनी सांगितलं आणि मी तशीच आत शिरायला निघाले. आप्पांनी मला दंडाला धरलं. लग्न झाल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला असेल. अन्ननलिकेला जरासं खरचटलं होतं. दोन दिवस पातळ अन्न, मग काही नाही.

वीरेश आता सोळा वर्षांचा आहे. त्याला यातलं काही आठवत नाही. तो ही गोष्ट मित्रांना विनोद म्हणून सांगतो. गॅरेज वाढलं आहे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरहून ऑटोमॅटिक गाड्या येतात आणि लोक "वहिनींनी माप घेतलंय का?" असं विचारून निर्धास्त होतात. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. घरात अजूनही कुणी म्हणतं, "आप्पांनी त्या वेळी केवढा घोळ घातला होता!" आणि बाकीचे माना डोलावतात.

महांतेश त्या संध्याकाळी साडेसातला पोचला. कोल्हापूरहून निघताना त्याला फोनवर अर्धंच कळलं होतं. वीरू पलंगावर झोपला होता, ओठ थोडे सुजलेले. महांतेशने त्याच्या कपाळाला हात लावला, पायाच्या बोटांना लावला, मग माझ्याकडे वळला.

"झालं कसं हे?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच आप्पा बोलले.

"माज्या हातनं झालं. शिम टेबलावरनं पडली, म्या बगितलं न्हाई. वर गिअरबॉक्स बंद करून मोकळा झालो. ती इचारत हुती तर तिलाच दटावलं."

महांतेश वडिलांसमोर कधी मोठ्याने बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. वॉर्डातली माणसं उठून बसली. "मापं ती घेते, तर तुम्ही हात कशाला लावता? डबीतला कचरा घालायचा आणि वर खोटं बोलायचं? पोर गेलं असतं, आप्पा! उद्यापासून तुम्ही गिअरबॉक्स बंद करायचा नाही. एकही नाही. खुर्ची टाकून बसायचं बाहेर. सगळं उज्ज्वला करील."

आप्पा उभेच होते. त्यांच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत विनवणी नव्हती, राग नव्हता. ते नुसते थांबले होते. शाफ्ट वर टेकेपर्यंत थांबावं तसे.

मी वाकून वीरूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.